कापडाची रायफल

सुजाताची रायफल घ्यायला पुण्याला जायचं ठरलं, तेव्हा हे म्हणाले, "तुम्ही दोघी जा. मला बंदुकीतलं काय कळतं."

मिल बंद झाल्यापासून यांचं हे वाक्य आमच्या घरात जिन्याच्या पायरीसारखं झालं होतं, येता-जाता त्यावर पाय पडायचा. गॅसची शेगडी घ्यायची, मला काय कळतं. पोरीला कुठल्या कॉलेजात घालायचं, मला काय कळतं. आधी असे नव्हते. इंदूरच्या मिलमध्ये हे साचे खात्यात, म्हणजे मागांवर, विणकर होते, मग कापड तपासणीत गेले. सासरे त्याच मिलमध्ये जन्मभर कापूस पिंजायच्या खात्यात राहिले. साच्यावर धाग्याची कांडी बदलली की ती ज्यात बसते त्या धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. आमच्या माणसाचं तोंड लागलेला धोटा पुढचा माणूस कसा तोंडाला लावणार, म्हणून त्या काळात आमच्यातल्या कुणाला साच्यावर घेत नसत. यांना घेतलं, त्या दिवशी सासऱ्यांनी सगळ्या चाळीला शिरा वाटला होता. मग मिलला कुलूप लागलं. त्यानंतर हे विजय नगरला एका ऑफिसच्या इमारतीत काचेचा दरवाजा उघडायच्या खुर्चीवर बसायचे. कुणी विचारलं की सांगायचे, "गार्ड आहे." मिलचं नाव काढत नसत.

मी सुजाताला म्हटलं, बाबांना घेतल्याशिवाय मी बसमध्ये पाय ठेवणार नाही. आणि यांना म्हटलं, सामान कोण उचलणार. तेव्हा तयार झाले.

रायफलचं थोडं सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांना पुढचं समजेल. सुजाता दहा मीटरवर एअर रायफल चालवते. माझे वडील महूला फौजेत होते, त्यांचा डोळा तिच्यात आला असं मी म्हणते. तोवर ती क्लबच्या रायफलीवर खेळली. राज्याच्या निवड-चाचणीला दोन महिने होते आणि सरांनी सांगितलं, आता स्वतःची पाहिजे. घेतली की दहा वर्षं तीच, दुसरी आम्हाला झेपणार नाही. प्रश्न होता रिसीव्हरचा. रिसीव्हर म्हणजे रायफलची छाती. नळी, घोडा, सगळं ज्यात बसतं तो सांगाडा. तो ॲल्युमिनियमचा घ्यावा की कार्बन फायबरचा. सर म्हणाले, ॲल्युमिनियम घे, टिकेल. सुजाताचा हात एका स्पर्धेत मैत्रिणीच्या कार्बनवर बसला होता. दहा वर्षांचा निर्णय आणि सांगणारं कुणी नाही, म्हणून पोरगी आठवडाभर नीट जेवत नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी नणंद आल्या. "काय वहिनी, रोज पंचशील म्हणता आणि पोरीच्या हातात बंदूक?"

मी म्हटलं, "ताई, ती कागदावर मारते. कागदाला जीव नसतो."

रायफलची किंमत मी इथे लिहीत नाही. नणंद ब्लॉग वाचतात.

पहिला दिवस: इंदूर ते नाशिक

पहाटे वंदना करून सरवटे स्टँडवरून धुळ्याची बस धरली. मुलं-बाळं सोबत असतील तर उजव्या बाजूला बसा, मानपूरच्या घाटात सकाळी डावीकडे उन्हाचा तडाखा असतो. महूला बस थांबली तेव्हा सुजाताने खाली उतरून पोहे आणले, मी बसूनच स्मारकाच्या दिशेला हात जोडले. खलघाटला नर्मदेच्या पुलावर सगळी बस खिडकीतून नाणी टाकते. मी टाकत नाही, नमस्कार करते. हे म्हणाले, "तुझ्यासारखे चार निघाले तर नर्मदामाई कंगाल." सकाळपासूनचं पहिलं बोलणं.

सेंधव्याला कंडक्टरने सुजाताची लांबोडकी पिशवी पायाने ढोसली. "यात काय आहे बाई?"

"कोट आहे," ती म्हणाली. नेमबाजीचा कोट जाड कॅनव्हासचा असतो, उभा केला तर माणसासारखा उभा राहतो.

"कोट है कि दरवाजा? इसका भी टिकट लगेगा."

"बसायला जागा द्या, मग घ्या तिकीट," मी म्हटलं. तो पुढच्या सीटकडे वळला.

धुळ्याला स्टँडच्या बाहेर शेवभाजी खाल्ली. तीन माणसांत दोन प्लेट पुरतात, भाकरी मोठी असते. तिखटाला मात्र जपून, आमच्या इंदुरी जिभेला गोडसर पोह्यांची सवय. तिथून एसटीने मालेगावमार्गे नाशिक, दिवस मावळायच्या आत पोचलो. विहाराजवळ एका धर्मशाळेत खोली मिळाली. चादर स्वतःची न्या.

दुसरा दिवस: लेणी आणि पुण्याची वाट

नाशिकला थांबायचं कारण त्रिरश्मी लेणी. सकाळी लवकर जा, पायऱ्या बऱ्याच आहेत आणि वाटेत सावली नाही. गुडघे दुखत असतील तर मधे दोनदा बसा, लाज नको.

वर एक निवृत्त शिक्षक आपल्या नातेवाइकांना भिंतीवरची अक्षरं समजावत होते. आम्ही मागे उभे राहून फुकट ऐकलं. ते म्हणाले, इथे लिहिलंय की विणकरांच्या मंडळाकडे ठेव ठेवली होती आणि तिच्या व्याजातून इथल्या भिक्खूंना चीवराचं कापड मिळायचं.

माझ्या डोक्यात लगेच हिशेब. मी विचारलं, "व्याज वेळेवर देत असतील का हो?"

शिक्षकांच्या आधी हेच बोलले. "विणकर होते. दिलं असेल."

शिक्षक हसून म्हणाले, "तुम्हाला कसं माहीत?"

 सगळे पुढच्या लेण्यात गेले तरी हे त्या भिंतीपाशीच राहिले. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी भरवसा ठेवला तो विणकरांवर, आणि तो दगडात कोरून ठेवला.  लग्नाला इतकी वर्षं झाली की कधी बोलायचं नाही एवढं कळतं.

दुपारी पुण्याची एसटी. संगमनेरपर्यंत रस्ता खराब होता, काम चालू होतं, खाणं सोबत ठेवलेलं बरं. आम्ही पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं. संध्याकाळी पुण्यात माझ्या मावसबहिणीकडे उतरलो.

तिसरा दिवस: दुकान

दुकान डेक्कनच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर. पूर्वी बाहेरच्या देशातली रायफल म्हणजे फक्त फोटोत बघायची गोष्ट होती. आता आयात सुरू झाल्यापासून अशी दुकानं आहेत. ज्या आयातीच्या वाऱ्यात आमची मिल गेली, त्याच वाऱ्याने पोरीची रायफल आली, असं मी म्हणते. हे म्हणतात, मिल आधीच आजारी होती.

दुकानाच्या मॅडम पन्नाशीच्या, स्वतः जुन्या नेमबाज. मागच्या लांब खोलीत दहा मीटरची रेंज. सुजाताने दोन्ही रायफली चालवल्या. ॲल्युमिनियमवर चांगलं गेलं. कार्बनवर कागदाला एकच भोक पडल्यासारखं दिसत होतं. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी ओळखते, तो मागायचं नाही असं ठरवलेल्या पोरीचा चेहरा.

मी मॅडमना सरळ विचारलं, "टिकणार कुठली?"

मॅडम म्हणाल्या, "दोन्ही टिकतात. ॲल्युमिनियमला पोचा पडतो, तो दिसतो. स्क्रूचे आटे झिजतात, ते तुमच्याकडचा चांगला लेथवाला करून देईल. उन्हाळ्यात धातू फुगतो, नेम केसभर सरकतो, तो बसवून घ्यावा लागतो. कार्बन हलका, गंजत नाही, उन्हाने फारसा हलत नाही. पण जोरात आपटला तर आतले पदर सुटतात आणि वरून काही दिसत नाही. ॲल्युमिनियम मोडायच्या आधी सांगतं. कार्बन सांगत नाही."

"मग ॲल्युमिनियम," सुजाता हळूच म्हणाली.

हे इतका वेळ कोपऱ्यात सामानाशेजारी उभे होते. पुढे आले. कार्बनच्या रायफलीकडे बोट करून म्हणाले, "मॅडम, हे टवील आहे का?"

"काय?"

"टवील. कापड. हा विणलेला माल आहे."

मी चष्मा लावून वाकून पाहिलं. काळ्या चमकत्या अंगाखाली खरंच कापड होतं. एकावर एक तिरक्या रेघा, जुन्या पँटच्या कापडाला असतात तशा.

"हो, कार्बनच्या धाग्याचं कापडच असतं," मॅडम म्हणाल्या. "थरावर थर, मधे राळ. तुम्ही बघा हवं तर."

यांनी रायफल हातात घेतली नाही. मॅडमनाच ती दरवाजापाशी उजेडात धरायला सांगितली. मग शर्टाला हात पुसले आणि रिसीव्हरवरून अंगठा फिरवला, हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हा अंगठा मी लग्नानंतर पाहिला होता. साडी घ्यायला गेलो की दुकानदार घाबरायचे. मिल बंद झाल्यावर यांनी माझ्या साडीलाही हात लावून कापड पाहिलं नव्हतं.

मागच्या स्क्रूच्या भोकापाशी अंगठा थांबला. "इथे रेघ वाकली."

मॅडम हसल्या. "काका, ते डिझाइन आहे."

"डिझाइन असतं तर पलीकडच्या बाजूलाही असतं. नाही आहे. बसवताना कापड इथे ओढलं गेलंय. जिथे बाणा, आडवा धागा, वाकतो तिथे ताण बसतो. फाटेल तर इथून फाटेल."

"अहो, वरच्या थराची रेघ थोडी..."

"ज्याने वरचा थर असा बसवला तो माणूस खालचा कसा बसवेल?"

 मला माठ आठवला. माठ घेताना आपण काय करतो? मी पर्समधून रुपयाचं नाणं काढलं. "मॅडम, वाजवून बघू का? हळूच." त्यांनी मान हलवली. पुढच्या बाजूला वाजवलं, टण. मधे, टण. त्या भोकाजवळ, बद्द. पुन्हा वाजवलं. बद्द.

सुजाता म्हणाली, "आई, परत एकदा." परत बद्द.

मॅडमनी माझ्या हातातून नाणं घेतलं आणि स्वतः चार वेळा वाजवलं. मग ती रायफल उचलून मागच्या कपाटात ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली. येताना दोन नव्या पेट्या घेऊन आल्या. तेव्हाच मला कळलं, बाई सच्च्या आहेत.

"सांगतो तो," हे म्हणाले. "कार्बन. सांगतो. ऐकणारा पाहिजे."

पहिल्या पेटीतली यांनी बघून बाजूला केली, कारण सांगितलं नाही. दुसरीवर अंगठा दोनदा फिरवला. दोन्ही बाजू, चारही भोकं. मी नाणं वाजवत मागून. टण, टण, टण, टण. सुजाताने श्वास धरला होता. हे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "पास."

हा शब्द मी मिलला कुलूप लागल्यापासून ऐकला नव्हता.

मॅडमनी विचारलं, "काका, तुम्ही कुठे होता?"

मी वाट पाहत होते की आता म्हणतील, गार्ड आहे. हे म्हणाले, "इंदूरला. मिलमध्ये. आधी साच्यावर, मग तपासणीत. माझ्या हाताखालून गेलेलं कापडाचं ठाण परत आलं नाही." मग थोडं थांबून, "आमच्या घरात साच्यावर बसलेला मी पहिला."

मॅडमनी खुर्ची ओढून दिली आणि चहा मागवला. मग म्हणाल्या, "काका, आणखी दोन पीस आहेत माझ्याकडे. बघता का?" यांनी बघितले. एक ठेवला, एक परत केला. चहाचे पैसे मी देत होते, त्यांनी घेतले नाहीत.

निघताना यांनी निळी पेन्सिल मागितली. मिलमध्ये पास झालेल्या ठाणाच्या कोपऱ्यावर तपासणाऱ्याचा नंबर लिहायची पद्धत होती. रायफलच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, यांनी लिहिलं: ३१.

घरी

परतीला थेट इंदूरची बस घेतली. थोडी महाग पडते, पण पेटी दोनदा चढवा-उतरवायला नको. सगळ्या वाटेने ती यांच्या मांडीवर होती. मी म्हटलं, खाली ठेवा. म्हणाले, "खाली हादरे बसतात. पदर सुटतील."

त्याला आता बरीच वर्षं झाली. सुजाता त्या वर्षी राज्याच्या संघात आली, पुढेही खेळली, अजून खेळते, आणि रायफल तीच आहे. एकदा रेंजवर तिच्या स्टँडवरून पडली होती, तेव्हा पोरगी रडत घरी आली. यांनी पेटी उघडली, मी नाणं आणलं. सगळीकडे टण. तेव्हा कुठे तिला जेवण गेलं. आता दर पौर्णिमेला वंदना झाली की पेटी उघडायची, अंगठा फिरवायचा, नाणं वाजवायचं, हा आमच्या घरचा नेम आहे. नणंद हसतात. एकदा त्यांनी नवी साडी यांच्यापुढे धरली, "बघ रे, कशी आहे." यांनी अंगठा फिरवून सांगितलं, "फसवलं तुला." मला तो दिवस फार आवडला.

कुणाला अशी रायफल घ्यायची असेल तर माझ्याकडून एवढंच: किंमत नंतर विचारा, आधी उजेडात बघा, खिशात एक रुपयाचं नाणं ठेवा, आणि घरात जुना विणकर असेल तर त्याला सामान उचलायच्या निमित्ताने का होईना, घेऊन जा.

पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेला तिथल्या अधिकाऱ्यांनी रायफल मोजून-मापून तपासली आणि तिच्यावर त्यांचं स्टिकर लावलं. सुजाताने घरी येऊन मोठ्या कौतुकाने यांना दाखवलं, "बाबा, बघा, दिल्लीवाल्यांनी पास केली."

यांनी चष्मा लावून स्टिकर पाहिलं. मग पेटीचं झाकण उघडून कोपऱ्यातला निळा आकडा पाहिला.

"हो," हे म्हणाले. "पण माझ्यानंतर."