आप्पांनी पकडलेली चूक

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. भार कुठून येतो नि कुठे जातो, एवढंच मला कळतं. तेव्हा मंडळी, हसायचं तर खुशाल हसा...

आम्ही अमेरिकेत, अल्फारेटाला असतो. इथे एकाने इंग्लंडमधला काही शतकं जुना पब सुटा करून कंटेनरमधून आणला आणि रेस्टॉरंट म्हणून पुन्हा उभा करायला घेतला. सगळा सांगाडा ओकच्या लाकडाचा, खिळा एक नाही. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं कुसू, म्हणजे तासलेलं टोक, बसवायचं नि वरून लाकडी खुंटी ठोकायची. जोड्या चुकू नयेत म्हणून जुन्या सुतारांनी सांध्याच्या दोन्ही लाकडांवर पटाशीने एकच खूण कोरलेली. पण मध्ये कुणा शहाण्याने सगळ्याला काळा रंग फासला, खुणा गडप! ते तपासून सही करायचं काम माझं.

माझे वडील, आप्पा, कराडचे सुतार. आता डिमेन्शिया आहे. दोन वर्षं मला ओळखत नाहीत. "बाई, माझी मुलगी कधी येणार हो?" असं मलाच विचारतात.

त्या शनिवारी त्यांच्याजवळ थांबायला कुणी नव्हतं, म्हणून साईटवर नेलं. त्यांनी एका खांबावर तळवा टेकला, वर तुळईकडे बघितलं आणि मान डोलवायला लागले. "हां... हां... बरोबर." वर कुणीही नव्हतं.

"सुमे, खडू दे."

माझं नाव! मी खिशातला खडू काढून दिला.

"हे दोन तिरके टेकू अदलाबदल झालेत. हे मिस्त्री मघापासून सांगतायत, तुम्ही ऐकाल तर शपथ."

"कोण मिस्त्री, आप्पा?"

"हे काय, वर बसलेत." आणि प्लायवूडवर त्यांनी खूण काढली — तीन उभ्या रेषा, शेवटचीला शेपूट.

आमचा फोरमन डेल, त्याने डाव्या खांबावरचा रंग खरवडला. खाली तीच खूण. तिची जोडी उजवीकडच्या टेकूवर निघाली. डेल म्हणाला, "हे आधी इथे आले होते का?" छे! आदल्याच महिन्यात तर कराडहून आणलं होतं त्यांना.

जॅक लावून टेकू बदलेपर्यंत आप्पा माझे होते. "किती वाळलीस गं, जेवतेस ना नीट?" म्हणून रागावले. मी सगळ्यांसमोर रडले, लाज कसली त्यात. डेलने शेवटची खुंटी ठोकली तशी मी आनंदाने वळले, "झालं बघा आप्पा!"

"छान झालं हो, बाई. माझी मुलगी कधी येणार?"

तेव्हापासून दर शनिवारी त्यांना तिथे नेते. खुर्चीत बसतात, कॉफी मागतात. वर एकदाही बघत नाहीत.

सुताराची नजर म्हणा, चूक दिसली असेल. पण रंगाखालची खूण? आणि खरं सांगू, मला उत्तर नकोच आहे. काम चोख झालंय, कागदावर सही माझीच आहे. ते टेकू बदलायची एवढी घाई का केली मी?

काल सगळे लंचला गेले तेव्हा डेलने ठोकलेल्या त्या शेवटच्या खुंटीवर हात ठेवून मी उभी होते. पर्समध्ये घरून आणलेली हातोडी होती.