उत्तरेचं दार

आमच्या ऑर्मथॉर्पच्या चर्चला पॉकलिन घराण्यातल्या गवंड्यांचा हात लागला नाही असा दगड सापडायचा नाही. एनोसच्या पणज्यानं मनोरा चढवला. आज्यानं राजाच्या हुकमानं भिंतीवरच्या संतांच्या चित्रांना चुना फासला, हात कसे धजले मेल्याचे! आणि आमच्या एनोसनं उत्तरेचं दार दगडांनी बुजवलं. नवे पाद्रीबुवा म्हणाले, दाराचं थोतांड पुरे झालं.

थोतांड म्हणे! बाप्तिस्म्याला ते दार उघडं ठेवायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डोक्यावर पाणी पडलं की पोरातला सैतान त्या दारानं पळतो, आणि जाताना पोराला रडवून जातो. जे पोर रडत नाही, ते जगत नाही.

दार बुजल्यावर पहिला बाप्तिस्मा एनोसच्याच मुलाचा झाला. पोरानं हूं की चूं केलं नाही. सुगी संपायच्या आत ते गेलं. एनोसची बायको थॉमसिन तेव्हापासून त्याच्याशी धड बोलेना.

यंदा मुलगी झाली. बाळंतिणीला चर्चमध्ये जाता येत नाही, म्हणून थॉमसिननं पडल्यापडल्याच त्याला बजावलं, "रडली नाही, तर घरी आणू नकोस." एनोसनं पाद्रीबुवांचे पाय धरले, दार उघडू द्या म्हणून. त्यांनी त्यालाच झापलं.

मी धर्मआई, पोर माझ्या हातात. बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी उभी राहिले. पाणी पडलं. पोर गाढ झोपेत. मी दुपट्याखालून मांडीला करकचून चिमटा काढला, तर बयेनं जांभई दिली.

एनोस पांढराफटक पडला होता. त्यानं कोटाखालून हातोडा काढला, म्हणजे घरूनच ठरवून आला होता, आणि सरळ जाऊन त्या भिंतीवर घाव घालायला लागला. पाद्रीबुवा ओरडले. दगड धाडकन खाली आला आणि पोरीनं दचकून असा टाहो फोडला, की मला रडूच कोसळलं.

"अरे, रडली ती," मी म्हटलं. "थांब आता."

त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. घाव चालूच.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "पण वाट कुठे झालीय अजून? तो सैतान जाणार कुठून?"

पाद्रीबुवांनी एकदा कुंडाकडे पाहिलं, एकदा त्या भिंतीकडे, आणि दोन्हींच्या मधल्या वाटेतून हळूच बाजूला झाले.