मामा धरून, आत्या अडून

एका रक्त तपासणी प्रयोगशाळेची वेबसाइट ज्याच्या जिवावर चालते, त्या गृहस्थाला तिथं सगळे ‘कुटुंबप्रमुख’ म्हणतात. घरात त्याचं कुणी ऐकत नाही; रुबाब सगळा ऑफिसात. जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या त्या वेबसाइटमागे पेशंटला न दिसणारी कामं सतत चालू असतात. अशा प्रत्येक कामाला एक थ्रेड, म्हणजे पडद्यामागचा गडी. इतर लोक या गड्यांना नंबर देतात, यानं नातेवाइकांची नावं दिली. रिपोर्ट बनवणारा मामा, तो मेलनं धाडणारी आत्या, जुन्या फायली झाडून काढणारे धाकटे काका. सकाळी चहाचा कप घेऊन स्क्रीनसमोर बसलं, की कोण राबतंय, कोण पेंगतंय, सगळं दिसतं. "काका झोपलेत," तो कौतुकानं सांगतो, "अगदी खऱ्यासारखे!"

एका सकाळी रिपोर्ट जाईनात. रिसेप्शनवरची बाई फोन उचलून उचलून मेटाकुटीला आली. साहेब तरातरा आले. "पुन्हा? आज कारण सापडलं नाही, तर उद्यापासून हे काम बाहेरच्या कंपनीकडे!"

आजवर अशा वेळी तो सर्व्हर बंद करून चालू करायचा आणि कॉलर ताठ करून हिंडायचा. आज त्यानं निमूटपणे सगळ्या थ्रेडची हजेरी घेतली. बघतो तर काय! मामा रिपोर्टची फाइल घट्ट धरून पेशंटच्या नोंदीची वाट बघतोय, आणि आत्या नोंद धरून फाइलची. हटायला कुणीच तयार नाही.

तेवढ्यात मोबाइल वाजला. खरी आत्या.

"बाळ्या, माझा शुगरचा रिपोर्ट कुठाय?"

"कसा येईल? तूच अडून बसलीयस! मामा फाइल सोडत नाही, तू नोंद सोडत नाहीस!"

"मी? आधी त्याला सोडायला सांग! तुझ्या आईच्या भावाचा हेका मला नवीन नाही!"

"अगं, आधी कुणी काय घ्यायचं हे ठरलंच नव्हतं, म्हणून तर..." बोलता बोलता तो थबकला. फोन तसाच टेबलावर ठेवला. पलीकडून आत्या बोलतच राहिली.

त्यानं नियम घातला: दोघांनीही आधी फाइल घ्यायची, मगच नोंद. शिवाय कुणी फार ताटकळला, तर आपल्या मोबाइलवर घंटी वाजेल अशी सोय केली. दुपारी रिपोर्ट धडाधड सुटले.

"कारण काय निघालं?" साहेबांनी विचारलं.

"आत्या आणि मामा, साहेब."

साहेब लग्न झालेले गृहस्थ. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. काम त्याच्याकडेच राहिलं.

आपल्या नावाचा गडी तिथं राबतो हे कळल्यापासून खरी आत्या रोज फोन करते. "मी नीट चालतेय ना रे?" आणि जरा थांबून, "तो मामा?"