कम्प्युटरमधला पाहुणा

माझा भाचा मोबाइलवर गेम खेळतो तेव्हा त्याचे अंगठे असे नाचतात की पाहणाऱ्याला घेरी यावी. मी त्याला एकदा सांगितलं, आमच्या गेममध्ये एका अंधाऱ्या भुयारासमोर आम्ही पोळ्यापासून नवरात्रापर्यंत उभ्या होतो. तर म्हणतो, "मावशी, मंग डिलीट काहून नाई केला?" घ्या! डिलीट कसा करणार बाबा, आत माणूस अडकलेला होता.

आम्ही म्हणजे मी आणि आई. मेडशीला राहायचो, माझी बारावी नुकतीच झाली होती. मामाचा मालेगावातला कम्प्युटर क्लास बंद पडला, तेव्हा त्यातला एक कम्प्युटर त्याने आमच्या बैठकीत आणून ठेवला. "वापरा, नाई तं उंदरं वापरतीन," म्हणाला आणि गेला. आत एक सीडी तशीच राहून गेली होती. ती निघाली गेमची. त्यात मारामारी नाही, गाड्या पळवणं नाही. समुद्रकाठचं एक गाव, आणि वाळूवर पडलेला एक तरुण. जहाज फुटून तो तिथे येऊन पडलाय आणि त्याला घरी जायचंय, एवढीच गोष्ट. माउसचा बाण नेऊन जिथे दाबू तिथे तो चालत जायचा. दोर, खिळा, फुटका पेला, दिसेल ते उचलून पिशवीत टाकायचा. कोणती वस्तू कुठे लावली की पुढची वाट उघडते, ते आपण शोधायचं. इंग्रजी वाक्यं मी डिक्शनरी मांडीवर घेऊन लावायची.

आईची शाळा चौथीपर्यंतची. पहिल्या दिवशी ती सुपात डाळ निवडत माझ्या मागे बसली होती.

"कोन हाय वं हा?"

"वाट चुकला. घरी जायचं हाय त्याले."

"माय हाय का त्याची?"

"हाय. तिकडं समुद्रापल्याड वाट पाहून राह्यली."

झालं! सूप बाजूला गेलं. त्या दिवसापासून तो आमचा पाहुणा. भारनियमनाचे दिवस होते, लाइन दुपारी दोनला यायची. पंखा फिरला की आई हात पुसत बैठकीत हजर. "चाल, पाहुना खोळंबला."

खोटं कशाला बोलू, गेममध्ये तिचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालायचं. मला शब्द कळायचे, तिला वस्तू कळायच्या. गंजलेल्या कुलपाची किल्ली मी आठवडाभर धुंडाळली. आई म्हणाली, "किल्ली गेली खड्ड्यात, कोयंड्याचा खिळा उपट." निघाला की हो! बाबा खाटेवर पडून उंटावरून शेळ्या हाकायचे. "त्याले म्हना पोलिसात जाय," वगैरे. त्यांच्याकडे आम्ही लक्ष देत नसू.

मग पोळ्याच्या सुमारास ते भुयार आलं. आत मिट्ट काळोख. उजेड पाहिजे, आणि सबंध गावात उजेड एकाच ठिकाणी: एका लहानशा देवळात, त्यांच्या कुठल्याशा संताच्या मूर्तीपुढे जळणारा दिवा. मी बाण दिव्यावर नेला. आईने माझं मनगट धरलं.

"हात नोको लावू. देवापुढचा हाय."

"आई, गेम हाय हा."

"असंन. देव तं देवच हाय ना?"

आमच्याकडे देवापुढचा पेटता दिवा कोणी उचलून नेत नाही. जोत न्यायची असते. नवरात्रात गावातली पोरं देवीच्या ठाण्यावरून आणतात तशी. आपली मशाल तिथल्या दिव्यावर पेटवायची, तो दिवा जागीच राहतो. आईचं म्हणणं, पाहुण्यानेही तसंच करावं. मग आम्ही पिशवीतली एकेक वस्तू त्या दिव्यावर धरली. काठी धरली, चिंधी धरली, काठीला चिंधी बांधून धरली. दर वेळी तेच एक इंग्रजी वाक्य यायचं, असं होणार नाही म्हणून. "ते इंग्रजाईले जोत माहीत नसंन," आई म्हणायची. तिची इतकी चीड आली मला! दिवा समोर, भुयार समोर, आणि आम्ही हात बांधून बसलेल्या.

पितृपक्षात सोयाबीन सोंगायला आलं. आई दिवसभर शेतात. मी एकदा दुपारी दार ओढून घेतलं, दिवा उचलला आणि भुयारात शिरले. पुढचं सगळं तीन दिवसांत उरकलं. पाहुणा जहाजावर चढला, घरी पोचला, त्याची माय दारातून धावत आली. मला फार आनंद झाला असंही नाही. शेजारी कोणी नव्हतं.

संध्याकाळी आई यायची. हातांना सोयाबीनच्या शेंगांचे ओरखडे. चपला काढता काढता विचारायची, "हालला का पाहुना?"

"नाई."

"अवं माय. उपाशीच असंन तो."

सांगायचं कसं? सांगितलं तर दिव्याचं निघणार. चोराच्या मनात चांदणं, मी तिच्याकडे न पाहता भाकरी टाकायला बसायची. तिची झोप उडाली होती असं मी म्हणणार नाही, दमलेली बाई लगेच झोपायची. पण विचारल्याशिवाय एकही संध्याकाळ गेली नाही.

घट बसले. आमच्या देव्हाऱ्यात नऊ दिवसांचा अखंड दिवा लागला. तिसऱ्या माळेला आई शेतात गेली नाही. दोन वाजता लाइन आली तशी देव्हाऱ्यापुढे हात जोडून आली आणि माझ्याशेजारी बसली.

"आपला दिवा आजपासून त्या देवाच्या नावानं. म्या सांगतलं त्याले. आता उचल त्याचा. पाप लागलं तं मले लागन."

मी भुयाराआधी सेव्ह करून ठेवलेल्या जुन्या जागेवरून गेम सुरू केला आणि दिवा उचलला. आईने डोळे मिटून घेतले, मग एक उघडला. काही झालं नाही. भुयार उजळलं. मी नाटक बरं करत होते असं मला वाटत होतं. शेवटी जहाज लागलं, ती म्हातारी धावत आली, आणि आईने पदर डोळ्यांना लावला. "पोचला माय पोचला," दोनदा म्हणाली. मग पदर खाली घेऊन माझ्याकडे पाहू लागली.

"तू हे पह्यलेच पाह्यलं."

"नाई वं."

"भुयारात तीन वाटा होत्या. तू कधी न विचारता गेली का कोन्या वाटेनं? आज सीधी डावीकडं गेली."

लपवण्यात आता अर्थ नव्हता. मी म्हटलं, "चुकलं माहं. दिव्याले हात लावाले नव्हता पायजे."

"दिव्याचं मरू दे." आई उठली, पण गेली नाही. "पंधरा दिवस रोज तुले इचारून राह्यली मी. तो घरी पोचला होता, अन् तू मले सांगतलं नाई."