बेसिनवरची हळद

बातमी आली तेव्हा मी इंदरगंजच्या चौकात टेम्पोत अडकून बसले होते. मांडीवर ताईसाठी पेजेचा डबा. वॉर्डातून फोन आला, "आप जल्दी आ जाइए," आणि त्या आवाजावरूनच कळलं की आता घाई करून उपयोग नाही. डब्याचा चटका बसत होता, तरी मी तो खाली ठेवला नाही... त्याला काही आठवडे झाले. लोक म्हणतात, हळूहळू राग जाईल. कसा जाईल? मी जाऊ देईन तेव्हा ना.

सुमन माझी मोठी बहीण. या हिंदी मुलखात, दाना ओलीतल्या जुन्या घरात आम्ही दोघीच राहायचो. मी शाळेतून निवृत्त, ती दवाखान्यातून. एका छोट्या प्रसूतिगृहात ती सिस्टर होती, आणि आपल्या हातांनी रोग्याला संसर्ग होऊ नये म्हणून काय करायचं, हे नव्या मुलींना शिकवणं तिच्याकडे होतं. नवी मुलगी आली की ताई तिच्या हातांना मनगटापर्यंत तेलात कालवलेली हळद चोळायची आणि म्हणायची, "जा, धुऊन ये." मुलगी ऐटीत हात पुढे करायची, तर अंगठ्याच्या बुडाशी, नखांत आणि बांगड्यांखाली पिवळं तसंच. "हळद दिसते म्हणून कळलं. जंतू दिसत नाहीत," एवढंच बोलून ताई तिला परत बेसिनकडे पाठवायची.

घोडं अडायचं बांगड्यांपाशी. लग्न झालेल्या मुली हात मोकळे करायला तयार नसत. सासू काय म्हणेल, अपशकुन होईल... एरवी नाकावर राग असलेली ताई इथे मात्र चिडली नाही. तिनं बेसिनच्या वर देवीची तसबीर लावली, खाली खुंट्या ठोकल्या. ड्यूटीवर येताना बांगड्या खुंटीला अडकवायच्या, जाताना ताई स्वतः कुंकू लावून त्या हातात चढवायची. "देवी तुमच्या बांगड्या सांभाळतेय, तुम्ही बाळंतिणीला सांभाळा." मग कोणाची काय बिशाद नाही म्हणायची. एकदोन मुलींनी तर सासवांनाच आणून ती तसबीर दाखवली.

मग आलं एकत्रीकरण. प्रसूतिगृह मोठ्या इस्पितळात विलीन झालं, विभागांची नव्यानं मांडणी झाली आणि ताईचा विषय ऑनलाइन गेला. मोबाइलवर व्हिडिओ, खाली प्रश्न, शेवटी प्रमाणपत्र. मी त्या व्हिडिओंना नावं ठेवत नाही. ताईनंच ते सगळे बसून पाहिले आणि म्हणाली, "चांगलं सांगितलंय गं. पण हात कोण बघणार?" तिनं इस्पितळाच्या साहेबांना विनवलं, व्हिडिओ राहू द्या, पण एकदा हळद लावू द्या. साहेब हसले. "सिस्टर, अब हल्दी का ज़माना गया." रंगकाम निघालं तेव्हा तसबीर आणि खुंट्याही गेल्या. सगळा उंटावरून शेळ्या हाकायचा कारभार. एक चुणचुणीत मुलगी सगळ्या वॉर्डाचे मोबाइल पुढे मांडून सगळ्यांची उत्तरं ठोकून द्यायची, बाकीच्या तोवर चहा प्यायच्या. वॉर्ड शंभर टक्के प्रशिक्षित! ताई निवृत्त झाली ती देवीची तसबीर पिशवीत घालून घरी आली.

यंदा फूलबागेत फिरताना ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन त्याच इस्पितळात झालं, चांगलं झालं. नंतर जखम चिघळली. ड्रेसिंगला आलेल्या मुलीच्या दोन्ही हातांत मनगटभर काचेच्या बांगड्या, हातमोजे त्यांच्या अलीकडेच संपलेले. तापानं फणफणलेल्या ताईनं तिचं मनगट धरलं. "बेटा, चूड़ियाँ उतार दे." मुलगी गोड हसली. "अम्माजी, हमारा कोर्स हो चुका है." ताईनं मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी वॉर्ड डोक्यावर घेतला, वरच्या साहेबांपर्यंत गेले. तिथे मला ऐकवलं, सगळा स्टाफ प्रमाणित आहे. डॉक्टर म्हणाले, वय होतं, साखर होती. असेल. कोणाच्या हातून काय झालं हे मला सिद्ध करता येणार नाही. पण ते मनगट मी पाहिलंय.

तेरावं झाल्यावर इस्पितळाच्या ट्रेनिंगवाल्यांचा फोन आला. "मैडम, सिस्टर का एक फोटो भेज दीजिए. कोर्स की पहली स्लाइड पर लगाएँगे, श्रद्धांजलि में." वरातीमागून घोडं! जिवंत बाई यांना अडचण वाटत होती, आता तिचा फोटो हवा. मी म्हटलं, देते फोटो. घरी या, हळद लावून हात धुवा आणि मला दाखवा. स्वच्छ निघाले तर फोटो घेऊन जा. "जी, पूछकर बताते हैं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आमच्या बेसिनच्या वर ती तसबीर आहे, खाली ताईनं ठोकलेली एक खुंटी. बाहेरून आले की ती माझ्या पाटल्या काढायला लावायची, बहीण म्हणून सूट नव्हती. अजूनही घरात पाऊल टाकलं की माझा हात आधी पाटल्यांकडे जातो. बेसिनवर हळदीचा डबा ठेवलाय, शेजारी वाटीत तेल. तेलाला वास लागला की टाकून ताजं ओतते.

अजून कोणी आलेलं नाही.