मागच्या खोलीसाठी एक लेन्स

बाळंतिणींच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरांना फोटोंची हौस कधीच नव्हती. घरात चार पाहुणे जमून कुणी फोटोची भाषा काढली, की त्या चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात सटकायच्या. लेकीच्या लहानपणचे सगळे फोटो त्यांच्या नवऱ्याने काढलेले, आणि त्यातल्या निम्म्यांत कुणाचं ना कुणाचं डोकं उडालेलं. अशा बाईने पन्नाशी उलटल्यावर कॅमेरा हातात घेतला, तो एका मुलीच्या प्रश्नामुळे.

ती मुलगी वर्षभरापूर्वी त्यांच्याच वॉर्डात बाळंत झाली होती. बाळ पोटातच गेलं होतं. तिला भूल दिलेली, आणि ती पुरती शुद्धीवर येईपर्यंत घरच्यांनी, तिला त्रास नको म्हणून, सगळं उरकून टाकलं होतं. आता तपासणीला आली, तेव्हा ती सिस्टरांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सिस्टर, तुम्ही त्याला पाहिलं होतं ना?"

"हो, पाहिलं होतं."

"कसा होता हो?"

सिस्टर सांगू लागल्या. केस दाट होते, कपाळ मोठं होतं, एक कान जरासा दुमडलेला होता. बोलता बोलता त्यांच्या मनात आलं, दाट केस याचे, की त्याच आठवड्यात गेलेल्या दुसऱ्या बाळाचे? त्या अडखळल्या. मुलीच्या ते ध्यानात आलं असावं. ती "बरं" म्हणाली, पर्स सावरली आणि निघून गेली.

ते "बरं" सिस्टरांच्या काळजात रुतून बसलं. इतकी वर्षं आपण या बाळांना पुसून, गुंडाळून, कुणाच्या तरी हाती सोपवत आलो, आणि आपल्यालाही त्यांचे चेहरे धड आठवत नाहीत, हे त्यांना सहन होईना.

त्या मेट्रनबाईंकडे गेल्या. मेट्रनबाई कडक, पण ऐकून घेणाऱ्या.

"फोटो? सिस्टर, लोक काय म्हणतील? घरचे अंगावर धावून येतील आपल्या."

"आई हो म्हणाली तरच काढीन. आणि तो तिच्याच हातात देईन, दुसऱ्या कुणाच्या नाही."

"तुमच्याने बघवेल?"

"बघत तर मी आलेच आहे इतकी वर्षं," सिस्टर म्हणाल्या.

पहिल्यांदा त्यांनी मोबाइलवरच काढून पाहिला. आईला दाखवायला पडदा पुढे केला, आणि नेमका त्याच क्षणी बाळाच्या चेहऱ्यावर कपड्यांच्या सेलची जाहिरात येऊन बसली. सिस्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोबाइल नको, हे त्या दिवशी ठरलं.

त्यांचा भाचा नोकरीसाठी दूर निघाला होता. त्याचा शिकाऊ लोकांसाठी असतो तसला डिजिटल कॅमेरा घरात पडून होता. "मावशी, घेऊन जा. नुसता धूळ खातोय," म्हणून त्याने तो आणि सोबत आलेली लेन्स त्यांच्या हवाली केली.

ज्या खोलीत कॅमेरा वापरायचा होता, ती वॉर्डाच्या मागच्या अंगाला होती. पूर्वी तिथे चादरी ठेवायचे. एक खाट, एक खुर्ची, एक लोखंडी कपाट मावलं की खोली भरली. खिडकी होती, पण ती दोन इमारतींमधल्या बोळात उघडायची, त्यामुळे भर दुपारीसुद्धा आत गढूळ उजेड असायचा. कॅमेऱ्याबरोबरच्या लेन्सला तो उजेड पुरेना. सिस्टरांचा श्वास जरा हलला की फोटो हलायचा. एकदा फ्लॅश लावून पाहिला, तर आई दचकली आणि बाळाचा चेहरा पिठासारखा पांढराफटक आला. त्यांनी फ्लॅश मिटवला, तो कायमचा.

जुन्या कॅमेऱ्यांचं एक दुकान बाजाराच्या टोकाला होतं. दुकानदार जाडजूड, चष्मा कायम कपाळावर. सिस्टरांनी कॅमेरा काउंटरवर ठेवला, तसा तो खुलला.

"ताई, याला लांबचा झूम घ्या. नवीन माणसं तोच नेतात. झाडावरचा पक्षीसुद्धा हाताशी येतो."

"मला लांबचं काही काढायचं नाही."

"मग कशाचे फोटो?"

"तान्ह्या बाळांचे."

"वा! घरात नातवंड आलंय वाटतं?"

"नाही. दवाखान्यातली बाळं. जी जगत नाहीत ती."

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. काही वेळ तो फडताळाकडे तोंड करून उगाच डबे सरकवत राहिला. मग वळला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"खोली किती मोठी? उजेड कुठून येतो?"

सिस्टरांनी सांगितलं. तेव्हा त्याने समजावलं, की झूम नसलेली, एकाच अंतराची साधी लेन्स घ्यावी. तिचं तोंड मोठं उघडतं, म्हणून अपुऱ्या उजेडातही काम भागतं, आणि अशा लेन्स स्वस्तही असतात. फक्त एक होतं. तोंड पूर्ण उघडलं, की जिथे नेम धरला तेवढंच स्पष्ट येणार, पुढचंमागचं विरघळून जाणार. तोंडाचं छिद्र लहान केलं तर सगळं स्पष्ट येईल, पण मग उजेड गोळा करायला कॅमेऱ्याला जास्त वेळ लागेल, आणि तेवढा वेळ सगळ्यांनी स्तब्ध राहायला हवं.

"ही पन्नास मिलिमीटरची आणि ही पस्तीसची," त्याने दोन बुटक्या लेन्स पुढे ठेवल्या. "पन्नासची जास्त स्वस्त, चेहरे सुरेख येतात. दोन्ही घेऊन जा, घरी बघा, एक परत आणा. घाई नाही."

घरी सिस्टरांनी पडदे ओढून घेतले, जेवणाचं टेबल भिंतीला लावलं आणि मागच्या खोलीएवढी जागा आखून घेतली. नवऱ्याला खुर्चीवर बसवून त्याच्या हातात टॉवेलची वळकटी दिली. तो बस आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला, अशा उद्योगांना त्याची ना नसायची.

"घरात मिक्सर आणला तेव्हाही एवढी परीक्षा नव्हती घेतलीस," तो म्हणाला. "आणि हे बाळ माझ्यावर गेलंय का गं?"

"गप्प बसा. हलू नका."

पन्नासची लावली, तर नवऱ्याचा नुसता चेहरा नाहीतर नुसता टॉवेल, दोन्ही मिळून चौकटीत येईनात. सिस्टर मागे सरकत सरकत फ्रिजला टेकल्या, तरी येईनात. पस्तीसची लावली आणि दोन्ही चौकटीत बसले. खांदे, वाकलेली मान, कोपराच्या घडीतली वळकटी, सगळं. त्या बराच वेळ डोळा लावून राहिल्या. नवरा चेष्टा करायचा थांबला होता. नकळत तो ती वळकटी हळूहळू डोलवत होता. स्वतःच्या लक्षात आलं तेव्हा त्याने टॉवेल उलगडून खांद्यावर टाकला आणि पडदे बाजूला केले.

"पस्तीसची ठेव," एवढंच तो म्हणाला.

पन्नासची परत गेली. तिच्याऐवजी दुकानदाराने एक पोकळ कडी दिली. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये ती बसवली, की अगदी जवळ जाता येई. काच नाही, काही नाही, नुसती कडी, पण तिच्यामुळे बाळाची बोटं, नखं, तळपायाच्या सुरकुत्या नीट येऊ लागल्या.

सुरुवात सोपी गेली नाही. एका बाईच्या सासूने सिस्टरांचा हातच धरला. "असलं काही घरात ठेवायचं नसतं. तिला विसरू द्या." सिस्टरांनी कॅमेरा खाली ठेवला. खाटेवरून सून म्हणाली, "आई, मला विसरायचं नाही." सासू भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. फोटो काढून झाला, तेव्हा तीच पुढे आली आणि बाळाच्या अंगावरून निसटलेलं फडकं तिने नीट केलं. "आता पुन्हा काढा," म्हणाली. "आधी उघडा पडला होता."

काही जणी नाही म्हणाल्या. त्यांच्याकडे सिस्टरांनी दुसऱ्यांदा विषय काढला नाही. काही जणी हो म्हणाल्या, पण छापून आणलेल्या फोटोचं पाकीट घ्यायला हात पुढे होईना. "आत्ता नको, तुमच्याकडेच राहू द्या." ती पाकिटं सिस्टर लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवू लागल्या.

मग ती जुळी आली. आई शाळेत शिकवायची, बाप ट्रक चालवायचा. दोन मुलगे, एक जिवंत, एक गेलेला. जिवंत होता तो धडधाकट, भुकेने ओठ चाटणारा. तिने सांगितलं, "दोघांचा मिळून एकच फोटो हवा. पुन्हा कधी ते असे शेजारी नसणार."

सिस्टरांनी दोघांना तिच्या दोन्ही कुशींत ठेवलं. पहिला फोटो काढून पडद्यावर पाहिला. जिवंत मुलगा कॅमेऱ्याच्या जवळ होता, तो लख्ख आला होता. गेलेला मागे धुक्यात विरल्यासारखा दिसत होता. हा फोटो तिला दाखवायचा नाही, असं सिस्टरांनी ठरवलं. मग गेलेल्यावर नेम धरला, तर दुसरा धुक्यात गेला. ते तर त्याहून वाईट. त्या हात खाली करून उभ्या राहिल्या. कुणावर नेम धरायचा, हे ठरवणाऱ्या आपण कोण?

छिद्र लहान करायला हवं होतं. मग वेळ जास्त लागणार, आणि तेवढा वेळ हातातला कॅमेरा स्थिर राहणं शक्य नव्हतं. त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चादरींच्या घड्या रचल्या, घड्यांवर कॅमेरा टेकवला. खिडकी सताड उघडली. बापाला म्हणाल्या, "तुम्ही मागे उभे राहा. तिच्या खांद्यावर हात ठेवा. श्वास रोखून धरा, थोडाच वेळ." कॅमेरा आपणहून फोटो घेईल अशी कळ लावून त्या बाजूला झाल्या.

फोटो आला. आई, बाप, दोन्ही चेहरे स्पष्ट. फक्त जिवंत मुलाने मधेच मूठ उचलली होती, आणि त्या मुठीच्या जागी नुसता पांढुरका फराटा उमटला होता.

सिस्टरांनी कॅमेरा आईपुढे धरला. तिने खूप वेळ पाहिलं.

"हा हललाय."

"हो. थांबा, तो झोपला की पुन्हा काढू. तेव्हा नीट येईल."

"नको," ती म्हणाली. "हलला तर हलला. हाच द्या."

बापाने बोटाच्या टोकाने पडद्यावरची मूठ दाखवली. तो तसाच उभा राहून रडला. सिस्टरांनी त्याला खुर्ची दिली आणि आईच्या कुशीतलं गेलेलं बाळ उचलायची घाई त्या दिवशी कुणालाही करू दिली नाही.

पुढे सिस्टर निवृत्त झाल्या. वॉर्डासाठी दवाखान्याने वेगळा कॅमेरा घेतला, आणि तो वापरायला दोन सिस्टर तयार झाल्या. तरी अधूनमधून वॉर्डातून फोन येतो. "ताई, एक बाई आलीय, विचारतेय, माझं पाकीट अजून आहे का." अशा वेळी त्या हातातलं काम टाकून जातात. वरच्या कप्प्यातून पाकीट काढतात, तिला मागच्या खोलीत बसवतात आणि दार लोटून घेतात. पाकीट तिने स्वतः उघडेपर्यंत त्या शेजारच्या खुर्चीत बसून असतात.