दादाच्या कपाळावरची खूण

दादाचा फोन आला तेव्हाच मला कळलं, कारण दादा फोन करत नाही. मोबाइल त्याच्याकडे कितीतरी वर्षांपासून आहे, पण तो त्याचा उपयोग घड्याळासारखा करतो. मी त्या वेळी लोधीखेड्याजवळच्या एका बगीच्यात संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलांवर धरलेली फळं, पाहत होतो. आमच्या दलालीच्या धंद्यात झाडाखाली उभं राहून नजरेनं फळं मोजावी लागतात, आणि मोजून झाली की तोंडानं ती कमी करावी लागतात. दादा म्हणाला, "ये." मी विचारलं, "वहिनी?" तो म्हणाला, "हो." फोन बंद. त्यानंतर मी जे केलं ते सांगायला अजून चमत्कारिक वाटतं. मी ती ओळ शेवटपर्यंत मोजली. एकोणीस झाडं राहिली होती, ती मोजली, मालकाला आकडा सांगितला, आणि धंद्यात आल्यापासून पहिल्यांदा तो आकडा खरा होता. मग मोटारसायकलला किक मारली आणि पांढुर्ण्याच्या रस्त्याला लागलो.

शेवंतावहिनी गेली त्याला आता दोन महिने होत आले. सकाळी चहा प्यायली, कप खाली ठेवला, खुर्चीत मागे टेकली आणि गेली. एवढंच. मी सौंसरपासून तिगावपर्यंत गप्पाड्या म्हणून ओळखला जातो. आमच्या विहिरीतल्या कासवानं तीन सरपंच पाहिले हे मी छातीवर हात ठेवून सांगतो आणि लोक ऐकून घेतात. तेरवीला आलेली माणसं म्हणूनच माझ्याभोवती जमली, की हा आता वहिनीचं काहीतरी रंगवून सांगेल. मी म्हणालो, "सकाळी सात वाजता गेली. चहा पिऊन." माणसं थोडा वेळ वाट पाहत बसली. पुढं काही निघेना, तेव्हा उठून जेवायला गेली. अजूनही तसंच आहे. रडू आलं नाही, आणि गोष्टीला फुगवावं असंही काही वाटत नाही. तेव्हा हे जे लिहितो आहे ते माझ्या मानानं फारच खरं आहे, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

वहिनी मोहगावची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पेटीत चार लुगडी, एक पितळी डबा आणि सात कादंबऱ्या होत्या. मोहगावात शेजारी एक मास्तरीणबाई राहत, त्यांनी तिला ही चटक लावली. त्या कादंबऱ्यांचं मुखपृष्ठ ठरलेलं असे. काळंनिळं आभाळ, कड्यावर दगडी हवेली, तिच्या एकाच खिडकीत दिवा, आणि समोरून झगा सावरत पळणारी एक बाई. मागे एक उंच माणूस, काळा कोट, कपाळावर आठ्या. दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या विलायतेतली ही मंडळी मराठीत आलेली, नाहीतर हिंदीत. तो माणूस बोलत नाही, हसत नाही, माझ्या अंदाजानं जेवतही नसावा. हवेलीत एक खोली कुलूपबंद असते आणि तिच्याबद्दल विचारलं की तो खिडकीबाहेर पाहतो. पुढं मी नागपूरला माल घेऊन जायला लागलो, तेव्हा मंडी आटोपली की फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून वहिनीसाठी असली पुस्तकं उचलणं हे माझं काम झालं. मी नाव वाचत नसे. आभाळ काळं पाहिजे आणि बाई पळती पाहिजे, एवढी पारख मला पुरे होती. एकदा घाईत काळं कव्हर पाहून संत्र्यावरच्या डिंक्या रोगाचं पुस्तक उचलून आणलं. वहिनीनं तेही वाचून काढलं आणि परत देताना म्हणाली, "बरं आहे भाऊजी, पण यातला माणूस लय बोलते."

वाचायची जागा ठरलेली. दुपारची भांडी झाली की स्वयंपाकघरातल्या नदीकडच्या खिडकीशी खुर्ची ओढायची, पाय तांदळाच्या कोठीवर टेकवायचे, आणि पानात खूण म्हणून समईची लांब वात घालायची. मी तिला चिडवत असे. म्हणायचो, "वहिनी, हा तुझा काळा कोटवाला पांढुर्ण्यात आला तर त्याला कोणी पोरगी देणार नाही." ती म्हणायची, "म्हणून तर पुस्तकात आहे." एकदा मी खरंच विचारलं, की ह्या घुम्या माणसात एवढं पाहण्यासारखं काय आहे. तिनं वात पानात घातली, पुस्तक मिटलं. "बोलणाऱ्या माणसाचं सगळं बाहेरच असते भाऊजी. तुमचंच पाहा ना. आत गेलं तर काईच सापडणार नाई. न बोलणाऱ्याच्या आत खोल्या असतात." मग म्हणाली, "आपल्या घरात अडीच खोल्या, कडी फक्त न्हाणीले. एक तरी खोली बंद पाहिजे ना, जिच्यापुढं उभं राहून वाटलं पाहिजे, याच्यात काय असन बापा." आणि सगळ्यात मोठी गोष्ट तिनं नंतर सांगितली. तो कितीही घुमा असो, शेवटच्या पंधरा पानांत बोलतोच. "तेवढं पक्कं असते पुस्तकात."

आता दादाचं सांगतो. माझा थोरला भाऊ माधवदादा कापसाच्या मार्केटात काट्यावर होता. दिवसभर वजनाचे आकडे मोठ्यानं बोलायचा, घरी आल्यावर तेही नाही. कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक व्रण, नजर कायम लांब कुठंतरी. लग्नानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत तो वहिनीशी सतरा शब्द बोलला, हा आकडा माझा, पण फार चुकला नसेल. पोळ्याच्या थोडं आधी वहिनीनं पेटी भरली. भांडण नाही, आवाज नाही. "त्यायले मी घरात असली काय न नसली काय," एवढंच म्हणाली. आईनं मला स्टँडवर सोडायला पाठवलं. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. पेटी वहिनीच्या पायाशी, मांडीवर त्या सातांतलं एक पुस्तक, आणि मोहगावकडची बस यायची होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की यात काय आहे. तिनं सांगितलं. घुमा माणूस, आत दडवलेलं दुःख, बंद खोली. मुखपृष्ठावरच्या त्या माणसाच्या कपाळावरही एक व्रण होता... आणि माझ्या तोंडातून ते निघून गेलं.

मी म्हणालो, "वहिनी, तुला दादाची गोष्ट सांगितली नाही का कोणी?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात गोटमार होते. नदीच्या मधोमध शेंड्याला झेंडी बांधून पळसाचं झाड रोवतात, या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. त्यामागं या काठचा पोरगा आणि त्या काठची पोरगी पळून जाताना नदीत दगडांखाली सापडल्याची जुनी गोष्ट सांगतात, ती आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मला नवीन काही रचावं लागलं नाही. मी दादाला त्या नदीत उतरवला. पलीकडच्या काठावर सावरगावची एक पोरगी उभी केली. झाडावरची झेंडी दादानं तिच्यासाठी काढायला घेतली आणि तिच्याच भावाचा दगड त्याच्या कपाळावर बसला. पुढं पोरीला दूर कुठंतरी देऊन टाकली. "तेव्हापासून दादा असा आहे," मी म्हणालो. बस आली, उभी राहिली, गेली. मग वहिनी उठली, पेटीची एक कडी मला धरायला दिली, दुसरी स्वतः धरली, आणि आम्ही घरी आलो.

खरं काय होतं तेही सांगून टाकतो. तो व्रण माझ्या विटीचा. मी आठ वर्षांचा असेन, दादा तेरा. मी टोला मारला, विटी त्याच्या भुवईवर बसली, रक्त आलं. आईला तो म्हणाला, पडलो. माझं नाव घेतलं नाही. तेव्हाही तो असाच होता.

त्या वर्षीपासून वहिनीनं एक रीत पाडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीकडची खिडकी लावून घ्यायची. दादाला त्या दिवशी कुठलंही काम सांगायचं नाही. दोनदा चहा द्यायचा. आणि दुपारी वाटीत खोबरेल तेल घेऊन एका बोटानं त्याच्या व्रणाला लावायचं. बाहेर नदीवर गलका आणि आत हे असं. दादा गप्प बसून लावून घ्यायचा. मी दारातून पाहायचो. वाटायचं, ही बाई एवढं आयुष्य माझ्या एका थापेवर उभी आहे. ज्या दारापुढं ती वाट पाहते, त्याच्यामागं खोलीच नाही, ते मी भिंतीवर रंगवलेलं दार आहे. सांगावं तर काय उरेल, या भीतीनं नाही सांगितलं. तिनं कधीमधी विचारलं, सावरगावच्या त्या पोरीचं नाव काय होतं. मी एकदा शांता म्हणालो. बऱ्याच वर्षांनी विचारलं तेव्हा कमल म्हणालो. वहिनीनं दोन्ही वेळा मान डोलावली. ती असल्या चुका पुस्तकात कुठल्या पानावर आहेत तेही सांगायची, पण मला काही बोलली नाही.

शेवटची तीन वर्षं साखरेच्या आजारानं तिचे डोळे गेल्यासारखेच झाले. मी दर रविवारी सौंसरच्या माझ्या घरून जाऊन तिला वाचून दाखवायचो. दादा पाठ करून दाराशी बसायचा, संत्री सोलायचा, फोडी ताटलीत ठेवायचा. मी मधेच पदरचं एखादं वादळ किंवा घोड्याचा अपघात घुसडला की ती लगेच पकडायची. "तुमचं नका घालू भाऊजी, पुस्तकातलं वाचा." शेवटच्या रविवारी मी ठरवून गेलो होतो की आज सांगून टाकायचं. आम्ही दोघं म्हातारे झालो, आता काय. पण ती म्हणाली, आधी वाचा. बाई किल्ली घेऊन बंद खोलीपाशी पोचली होती. तिथं वहिनीनं हात वर केला. "थांबा. दार पुढच्या रविवारी उघडू." वात पानात घालून पुस्तक मिटलं, आणि तिला झोप आली होती म्हणून मी निघालो. दारात वळून पाहिलं तर ती मिटल्या डोळ्यांनी फोड चघळत होती... पुढचा रविवार आला नाही.

मग पोळा आला. सुतक संपलं होतं, पण दादाकडे गोडाचं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सकाळीच पांढुर्ण्याला गेलो. खिडकी लावलेली होती. दादा तिच्या खुर्चीत नाही, नेहमीसारखा दाराशी बसला होता. त्यानं स्वतः चहा केला होता, साखर विसरला होता. नदीकडून गलका यायला लागला तसं मला बसवेना. मी म्हणालो, "दादा, मी वहिनीला एक खोटं सांगितलं होतं."

तो म्हणाला, "सावरगावचं ना."

मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत?"

"तवापासूनच. पेटी घेऊन परत आली त्या राती तिनंच सांगतलं. म्हणे, मले सगळं समजलं, तुमी काई बोलू नका."

"मग तू सांगितलं काहून नाही तिला?"

दादानं कप खाली ठेवला. "ती मायाकडं पाहून राहिली होती," तो म्हणाला. "तसं मायाकडं कोणी पाहलं नव्हतं. मी काट्यावरचा माणूस. मी खरं बोललो असतो, तर तिनं पाहणं बंद केलं असतं." आणि मग खाली बघत म्हणाला, "बोलायचं लय होतं. रोज वाटे, आज बोलू. पण काई बोललो न तिले वाटलं का याच्यात एवढंच होतं, तर..."

एका वेळी एवढं बोलताना मी दादाला जन्मात ऐकलं नाही. ज्या माणसानं हे ऐकायला पाहिजे होतं ते तिथं नव्हतं. मला वाटलं, आता तरी आतलं काहीतरी फुटेल. काही झालं नाही. मी खिडकीतलं पुस्तक उचललं, वात होती तिथं उघडलं, म्हणालो, "वाचू का? दाराशी आलंय." दादानं मान हलवली. "राहू दे. तिनं थांब म्हटलं होतं." मी पुस्तक होतं तसं ठेवलं. ते अजून तिथंच आहे, वात बाहेर आलेली.

मग दादा आत गेला आणि वाटी घेऊन आला. वाटीत खोबरेल तेल. ती त्यानं माझ्यासमोर सरकवली.

"लाव," तो म्हणाला. "काम तुझंच होतं हे."

मी चष्मा लावला आणि जवळ गेलो. गेली कित्येक वर्षं हा व्रण मी लोकांना सांगत आलो, आधी बोटभर, मग भुवईपासून केसांपर्यंत. इतक्या जवळून तो मी कधी पाहिलाच नव्हता. तेल लावायला बोट टेकवलं तर सापडेना. दादानं माझं बोट धरून जागेवर नेलं. तांदळाच्या दाण्याएवढा होता.